खालच्या गाळ्याचं छत

गणपती गेले की आमच्या गोराईच्या गल्लीत एक विचित्र शांतता येते. मंडपाचे बांबू रस्त्याकडेला पडून असतात, खाडीकडून ओहोटीचा वास येतो, पाऊस पडतो तोही मन नसल्यासारखा. दोन सरींच्या मधे मात्र असं कडक ऊन पडतं की वाळत घातलेली साडी हाताला भाजते. भाजीवाला गवार, भोपळा, अळू, कारली सगळं एकत्र बांधूनच ठेवतो. त्याला सांगावं लागत नाही. कोणाकडे कधी पान आहे हे त्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. पितरांचा पंधरवडा सुरू झालेला असतो आणि या दिवसांत मी घरात धड नसते. भांडी आपटते, कोणी काही विचारलं की खेकसते, आणि काही काम नसताना वरच्या खोलीत जाऊन जमिनीला हात लावून बघते. पूर्वी नवरा विचारायचा तरी, काय झालं म्हणून. गेल्या वर्षीच्या पंधरवड्यापासून विचारत नाही.

आमचं घर म्हणजे खाली एक गाळा आणि वर दोन खोल्या. सासरे गिरणीत होते. चाळ सोडून ते इथे आले तेव्हा चहूकडे चिखल आणि तिवरं. त्यांनी आधी खालची खोली बांधली, मग गावच्या ओळखीतला गवंडी धरून वर स्लॅब टाकला. पुढे मोहनची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, रिक्षा आली आणि खालची खोली रिक्षाची झाली. तिला शटर बसलं. मी मोहनला अरे-तुरे करते, ते ऐकून सुरुवातीला इथल्या बायका टकामका बघायच्या. पण आम्ही दोघं एका वाडीतले, एका शाळेतले. माझ्या आईच्या हातचे घावणे त्यानं माझ्याएवढेच खाल्लेत. सगळी वाडी माझ्या आईला मामी म्हणायची, तोही मामीच म्हणायचा. जावई झाल्यावरही त्याच्या तोंडात तेच राहिलं.

गेल्या वर्षी आमची सायली पहिलटकरीण होती. बाळंतपण माहेरीच करायचं हा तिचाही हट्ट होता आणि माझाही. पण वरची खोली बाळाला ठेवण्यासारखी राहिली नव्हती. मोहननं रिक्षा तिथे लावणं सोडल्यापासून खालचा गाळा भाड्यानं दिलेला. आधी तिथे एक शिंपी होता, त्याच्यानंतर केटरिंगवाल्याचा टेम्पो आला. सकाळी अंधारातच तो सुरू व्हायचा तेव्हा वर कपाटातले कप थरथरायचे. दुपारी तापलेलं इंजिन परत यायचं आणि वरची शहाबादी लादी पायाला कोमट लागायची. गाळ्याला आतून छत करून घ्यायचं असं ठरलं. स्लॅबच्या खालून लोखंडी पट्ट्या ठोकायच्या, त्यात दगडापासून केलेल्या लोकरीचे जाड तुकडे बसवायचे आणि वरून सिमेंटच्या पाट्या लावून सगळं बंद करायचं. त्यानं आवाजही अडतो आणि उष्माही. रॉकवूल म्हणतात त्याला. मी आपली शेवटपर्यंत लोकरच म्हणत होते.

अडचण दिवसांची होती. सायली घटस्थापनेला यायची होती आणि पोटुशी बाई घरात असताना तोडफोड नको. त्याच्या आधी पंधरवडा, आणि पंधरवड्यात कोणी नवीन काम काढत नाही. शेजारच्या काकूंनी तर मला जिन्यातच गाठलं. पितरांच्या दिवसांत सिमेंट कालवतेस, जरा तरी विचार कर, म्हणाल्या. मी म्हटलं, आमच्या पितरांना घर थंड झालेलं चालेल, ते काही तक्रार करायचे नाहीत. तोंडानं बोलले खरी, पण वर जाऊन कॅलेंडर उलटून पाहिलं. कामाला माणूसही मिळेना. शेवटी घाटकोपरहून प्रकाश मिस्त्री मिळाला. मूळ जालन्याकडचा. तो म्हणाला, ताई, आमच्यात हे दिवस पाळत नाहीत, मी उद्यापासून येतो. मला इतकं हायसं वाटलं की मी त्याला चहाबरोबर आदल्या दिवशीच्या करंज्या वाढल्या.

काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी जावयाचा फोन आला. मुलगा हुशार आहे, बोलतो जरा पुस्तकातल्यासारखं, पण मनापासून बोलतो. म्हणाला, आई, गारव्याचं नंतर, आधी छताला असतील तेवढ्या फटी बुजवून घ्या. गाडी बंद जागेत चालू राहिली की धूर वर चढतो. त्यातला जो विषारी भाग असतो तो दिसत नाही, त्याला वासही नसतो. मोठ्या माणसाचं डोकं दुखतं, मळमळतं. लहान बाळ झोपेतच जातं.

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. कणिक मळायला घेतली होती, ती तशीच राहिली.

सायलीच्या आधी आम्हाला एक मुलगा झाला होता. श्रावण संपता संपता झाला. तेव्हा गावी नदीला पूर, दवाखाना लांब, म्हणून मी माहेरी जाण्याऐवजी आईच इकडे आली. येताना वावडिंग, बाळंतशोपा, ओवा, नाचणीचं पीठ आणि एक मातीची शेगडी घेऊन आली. ती शेगडी तिनं मांडीवर धरून आणली होती, एसटीत कोणाचा धक्का लागू नये म्हणून. मोरी वरच्याच खोलीच्या कोपऱ्यात होती. बाळाला अंघोळ झाली की लगेच गुंडाळून ठेवता यावं म्हणून माझा पलंग आणि पाळणा त्या कोपऱ्याला लागून. खिडक्या बंद, दारावर जाड चादर. बाळंतिणीला वारा लागू नये. खोलीत धुरीचा वास, तेलाचा वास, ओल्या दुपट्यांचा वास. आणि या सगळ्याखाली एक पेट्रोलचा वास असायचा, पण त्या घरात तो कायमच असे. तो वास म्हणजे आमच्या घरचा मोहन, इतकंच मला वाटायचं.

त्या पावसात रिक्षा सकाळी लवकर धरायचीच नाही. दांडा ओढून ओढून मोहनचा खांदा दुखायचा. एकदा सुरू झाली की तो तिला बराच वेळ तशीच धडधडत ठेवायचा, पुन्हा बंद पडू नये म्हणून. त्या आवाजानं बाळ दचकतं असं मी एकदा म्हटलं. झालं, दुसऱ्या दिवसापासून त्यानं शटर खाली ओढून आतल्या आत रिक्षा गरम करायला सुरुवात केली, आणि स्वतः बाहेर उभा राहू लागला. केवढी माया होती त्यात. मी वर पडल्या पडल्या शटर उतरल्याचा आवाज ऐकायची आणि मला नवऱ्याचं कौतुक वाटायचं. सकाळी माझं डोकं ठणकायचं, मळमळायचं. आईचंही डोकं धरायचं. ती सुंठ उगाळून आधी मला लावायची, मग स्वतःला. पित्त झालंय म्हणायची. बाळंतिणीचं डोकं दुखायचंच, त्यात काय विचारायचं.

बारसं राहिलं होतं. सुवेर संपलं तो गणपती आले, आणि लगेच पंधरवडा लागला. पंधरवड्यात बारसं करत नाहीत. नवरात्रात करू, असं ठरलं. नाव मोहननं मनात ठरवलं होतं, पण सांगत नव्हता. तेव्हाच सगळ्यांना सांगेन म्हणायचा. आजतागायत त्यानं ते नाव मला सांगितलेलं नाही आणि मीही विचारलेलं नाही.

एका सकाळी शटर वर गेलं, रिक्षा बाहेर गेली, आणि आई बाळाला उचलायला पाळण्याशी गेली. त्याचे गाल छान लाल होते. झोपलंय म्हणून तिनं मला खुणेनं गप्प राहायला सांगितलं. पुढचं मला सलग आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, श्वास थांबला. का थांबला हे आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. इवल्याशा जिवाला काही करायचं नसतं. त्याला तिथी नाही, श्राद्ध नाही. पंधरवड्यात सगळ्यांचं पान मांडतात, त्याचं मांडत नाहीत.

मोहन स्मशानातून आला आणि दारातच उभा राहिला. खोलीत चार बायका होत्या. त्यानं पलंगाखाली पाहिलं, तिथे शेगडीची राख सांडलेली होती. तो आईला म्हणाला, "मामी, तुमच्या शेगडीनं माझं पोर खाल्लं." आवाजही चढवला नाही. त्यानं ओरडून सांगितलं असतं तर कदाचित सोपं गेलं असतं.

 आईनं ती राख हातानंच गोळा केली. निघायच्या दिवशी माझ्या केसांना तेल लावताना फक्त म्हणाली, "शेगडी मी सांजेकच भायर काढून ठेवलेलंय गो." मला ते माहीत होतं. रोज दिवेलागणीला ती निखारे गॅलरीत नेऊन ठेवायची, मी बघायची. मोहनला मी ते सांगितलं, पुढे कितीदा तरी सांगितलं. तो म्हणायचा, सोड ना आता. आणि खरं सांगते, मलाही आतून वाटायचंच की दिवसभराचा कोळशाचा धूर राहिला असेल खोलीत. दुसरं कारणच समोर नव्हतं.

त्यानंतर आई आमच्या घराची पायरी चढली नाही. सायलीच्या वेळी मीच गावी गेले आणि पाऊस संपून थंडी पडल्यावर पोरीला घेऊन परतले. तोवर मोहननं रिक्षा रस्त्यावर लावायला सुरुवात केली होती. गाळ्यात जावंसं वाटत नाही म्हणाला. शिंपी आला, त्यानं खालून प्लाय ठोकून छत बंद केलं. मे महिन्यात आम्ही गावी जायचो तेव्हा मोहन आईचं घर टाळून शेताच्या बांधावरून फिरून जायचा. आई त्याच्यासाठी कोकमं आणि कुळथाचं पीठ पाठवायची. तो खायचा, पण कुठून आलं ते बोलायचा नाही. सायलीच्या लग्नात आई आली ती थेट हॉलवर, आणि हॉलवरूनच परत गेली. पुढच्याच पावसाळ्यात ती वारली. त्या दिवशी मोहननं खांदा दिला, पण तोंड मिटून.

प्रकाश मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी शिंप्याचा तो प्लाय उतरवला. वाळवीनं खाऊन अर्धा तसाच गळून पडला. मोहन सिमेंटच्या पाट्या आणायला बाहेर गेला होता. मिस्त्रीनं मला खाली बोलावलं, ताई, हे एकदा बघून घ्या म्हणाला. त्यानं बल्ब वर धरला. सगळा स्लॅब धुरकट होता, पण एका कोपऱ्यात चुलीवरच्या भिंतीसारखा काळाकुट्ट, आणि त्या काळ्याच्या मधोमध ताटाएवढं भोक. सासऱ्यांच्या गवंड्यानं मोरीच्या दुसऱ्या नळासाठी ठेवलेलं. तो नळ कधी आलाच नाही. वरून त्यानं नुसती शहाबादी लादी टेकवून दिली होती, खाली सिमेंट नाही, काही नाही. भोकाच्या कडांना काजळी जाड चिकटलेली. लादीच्या फटीतून वरच्या खोलीतला उजेड दिसत होता.

त्या लादीवर पाळणा असायचा. मला एवढंच सुचलं की मोहन यायच्या आत हे बुजलं पाहिजे. मी मिस्त्रीला म्हटलं, हे आत्ताच्या आत्ता भरा. तो म्हणाला, आधी काजळी घासायला हवी, नाहीतर माल धरणार नाही, उद्या सकाळी भरतो. मी त्याच्या मागे लागले. त्याला वाटलं, बाईला भोकातून उंदीर येतील म्हणून भीती वाटतेय. तेवढ्यात मोहन पाट्या घेऊन आत आला, त्या भिंतीला लावल्या आणि सवयीनं वर बघितलं.

तो बराच वेळ वर बघत राहिला. मग मला म्हणाला, चहा टाक. एवढंच.

त्या संध्याकाळी आमच्या घरात टीव्ही लागला नाही. मोहन गॅलरीत बसून होता. मी कुकर लावला, पोळ्या केल्या, आणि सारखी त्याच्या पाठीकडे बघत राहिले. मला त्याची कीव येत होती आणि रागही. बाळाची झोप मोडू नये म्हणून शटर ओढणारा माणूस. त्याला कोणी सांगायचं, की बाबा रे, ते तुझ्या रिक्षानं झालं असेल? आणि झालं असेल असंच म्हणायचं, कारण आता कोण छातीठोक सांगणार? शेगडीनं झालं असेल, रिक्षाच्या धुरानं झालं असेल, किंवा दोन्ही नसेल. या वयात हे ओझं त्याच्या डोक्यावर ठेवून मला काय मिळणार होतं? लोकर बसेल, पाट्या लागतील, सगळं बंद होईल, मी गप्प बसेन. मी जवळजवळ ठरवलंच होतं.

पण पंधरवड्यात गेलेली माणसं घरी येतात म्हणतात. मी काही फार मानत नाही, मी शिकवते त्या बालवाडीतल्या पोरांना तर भुतं नसतातच म्हणून सांगते. तरी त्या संध्याकाळी मला आई जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी असल्यासारखी वाटत होती. वर येत नव्हती. तिला वर या म्हणणारा माणूस गॅलरीत पाठ करून बसला होता. मला रडू आलं. तिनं आयुष्यात एकच गोष्ट स्वतःच्या बाजूनं सांगितली होती, की शेगडी मी बाहेर ठेवली होती, आणि तिची लेक असून मीही ते अर्धंच मानलं होतं.

सकाळी मिस्त्रीनं काजळी खरवडली, माल कालवला आणि शिडी लावली. मोहन म्हणाला, थांबा. देवघरातून अगरबत्तीचा अख्खा पुडा घेऊन तो खाली गेला. रिक्षाची ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधायची, तशी त्याला प्रत्येक गोष्ट स्वतः तपासून बघायची सवय. जाताना माझ्याकडे न बघता म्हणाला, तू वर थांब, लादीशी. मिस्त्रीला बाहेर थांबवून त्यानं शटर खाली ओढलं. किती वर्षांनी त्याच्या हातानं ते शटर उतरल्याचा आवाज मी वर बसून ऐकला. 

मी लादीजवळ जमिनीवर बसले. आधी काहीच नव्हतं. मग लादीच्या एका कडेनं धुराची बारीक दोरी वर आली आणि सरळ उभी राहिली. मग दुसऱ्या कडेनं. मग चारी बाजूंनी एकदम, अशी की मला लादी दिसेना. खोलीत खिडकी बंद होती, ती मी उघडू शकले असते. हात उचललाच नाही.

खालून हाक आली, "येतोय का गं?"

तो काय विचारत होता हे त्याला कळत होतं आणि मलाही. नाही म्हटलं असतं तर कोणाचंच काही बिघडलं नसतं. मिस्त्री भोक भरणारच होता, सायलीचं बाळ या खोलीत सुखानं झोपणारच होतं, आणि हा म्हाताराही झोपला असता. मोहनला माझ्या नाहीवर विश्वास ठेवायचा होता. माझ्यावर सोपवून तो खाली उभा होता. मी तोंड उघडलं तेव्हाही मला माहीत नव्हतं काय बाहेर पडणार आहे.

"येतोय," मी म्हटलं.

"किती?"

"खूप आहे, मोहन. खोलीभर झालाय."

खाली काही हललं नाही. शिडीही करकरली नाही. मला वाटलं याला चक्कर आली की काय, म्हणून मी वाकून लादीला कान लावला. तेव्हा त्याचा आवाज आला, अगदी माझ्याशेजारी बसून बोलावा इतका स्पष्ट. तो माझ्याशी बोलत नव्हता.

"मामी," तो म्हणाला, "चुकलं गो माझं."

मग तो खोकला. बराच वेळ खोकत राहिला. मग शटर वर गेल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ त्याचा, नेहमीचा, जरा घोगरा झालेला.

"भरा आता, मिस्त्री."